पद्मिनीचे वायरिंग बदलण्याआधी तिचा अर्थ तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की जुन्या गाड्यांच्या रॅलीची छायाचित्रे आपल्या आणि इतर दैनिकांतही छापून येतात. चकाकणारे क्रोम, फेटे बांधलेले मालक, शेजारी सेल्फी घेणारी मुले. त्याच गाड्या रॅलीच्या आदल्या दिवशी कोणत्या अवस्थेत असतात आणि किरकोळ बिघाडापायी त्यांच्यातला किती चांगला मूळ माल भंगारात जातो, हे मात्र छापून येत नाही. त्याबद्दल हे पत्र. उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे घेतो, कारण ती आपल्या कुर्ल्यात तयार झाली आणि महाराष्ट्रात आजही ती अनेक दारांत उभी दिसते. पन्नाशीच्या दशकातल्या 'डुक्कर फियाट'पासून १९६४ च्या डिलाइटपर्यंत आणि १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाल्यानंतरही, विजेची मूळ मांडणी इटालियन फियाटचीच आहे : १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले), मोजक्या वायरी, मोजके फ्यूज. ती समजायला कुणी इंजिनिअर असावे लागत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की जुन्या गाडीत 'इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम' म्हणून जे काही सांगितले जाते, त्यातले बहुतेक बिघाड पार्टचे नसून जोडाचे असतात. अर्थ सुटलेला, टर्मिनलवर हिरवट चढलेले, फ्यूजचे टोक सैल. गॅरेजमध्ये मात्र निदान ठरलेले असते : "वायरिंग म्हातारं झालंय, नवीन हार्नेस टाकू." नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, पडतो, मूळ रंगांच्या वायरी जातात, त्यांच्या जागी एकाच लाल रंगाच्या दहा वायरी येतात, आणि सुटलेला अर्थ सुटलेलाच राहतो, कारण तो हार्नेसमध्ये नव्हताच. तो बॉडीवर होता.

अर्थ म्हणजे परतीची वाट. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून करंट वायरीने दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून निगेटिव्हकडे परततो. जाणारी वायर सगळे तपासतात, येणारा पत्रा कुणी तपासत नाही. पद्मिनीचे इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून वेगळे. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती तुटली किंवा इंजिन उतरवले तेव्हा परत लावायची राहिली, की स्टार्टरचा शे-दीडशे अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरचा रॉड, स्पीडोमीटरची केबल. स्टार्टर मारल्यावर चोकची केबल गरम लागली किंवा तिच्या आवरणातून धूर आला, तर केबल बदलू नका, पट्टी बघा.

हे तपासायला शे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला (क्लॅम्पला नव्हे, खुंटाला) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावा. इग्निशन कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून बॉडीला टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. दुसऱ्या माणसाला चार-पाच सेकंद स्टार्टर मारायला सांगा. मीटरवर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. मग एकेक जोड वेगळा मोजा : खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा दिसेल तिथे दोष. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांमधला व्होल्टेजही पाहा. स्टार्टर फिरताना तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी दमली आहे किंवा स्टार्टर जड झाला आहे.

अर्थचा जोड नीट करायची रीत सोपी असली तरी आळसाला जागा नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बोल्टखालचा रंग, गंज, प्रायमर सगळे लगाच्या (वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) आकाराच्या वर्तुळात चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. लग आणि पत्रा यांच्यात दातेरी स्टार वॉशर घाला, तो धातूत रुततो. बोल्ट कसून घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईतल्या समुद्राजवळच्या गाड्यांना हे दर पावसाळ्याआधी करावे लागते. खाऱ्या हवेत तांब्याच्या लगावर हिरवा थर चढायला एक मोसम पुरतो.

डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीचे मागचे दिवे लागत नाहीत, ही तक्रार इतकी ठरावीक आहे की पेंटरनेच बिलावर लिहून द्यायला हरकत नाही. मागच्या दिव्याची वाटी बॉडीला जिथे टेकते तिथे आता रंगाचे तीन-चार थर असतात. वाटीला परतीची वाटच उरत नाही. त्यातून एक गमतीदार दिसणारा पण धोक्याचा प्रकार होतो : ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लॅम्प लुकलुकतो. अर्थ न मिळाल्याने करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून बाहेर पडतो. लोक स्विच बदलतात, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलतात. करायचे एवढेच असते की प्रत्येक वाटीला १.५ चौरस मिमीची काळी वायर जोडायची आणि डिकीत एकाच घासलेल्या जागी बोल्टखाली घ्यायची. त्याच वेळी बल्बही बघा. टेल आणि ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा, २१/५ वॉटचा असतो आणि त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. बल्ब जोर लावून उलटा बसवला तर ब्रेक दाबल्यावर पाच वॉट पेटतात आणि रात्रभर एकवीस वॉट. मागून येणाऱ्याला ब्रेक दिसतच नाही.

आता फ्यूज. फियाट पद्धतीचे फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते, सिरॅमिकचे असतात आणि वरच्या पट्टीतून करंट जातो. रंगावरून क्षमता कळते : पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. हे फ्यूज दोन पितळी पात्यांच्या दाबावर उभे असतात. पाती सैल झाली किंवा काळवंडली की फ्यूज न उडताच दिवा मंदावतो आणि फ्यूजबॉक्सचे प्लॅस्टिक मऊ होऊ लागते. फ्यूज फक्त फिरवल्यावर दिवा लागला, तर दोष पात्यांचा समजा. बॅटरी काढून पाती ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लांब नाकाच्या पकडीने (नोज प्लायरने) हलकेच आत वाकवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे स्वस्त फ्यूजही मिळतात, ते पितळाशी जुळत नाहीत आणि लवकर पांढुरके पडतात. तांब्याच्या पट्टीचे घ्या.

उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे ही आपल्याकडची जुनी खोड. चांदी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कागद. तो किती अँपिअरला जळेल हे कुणालाच ठाऊक नसते, आणि तो जळेपर्यंत डॅशबोर्डमागची वायर फ्यूजचे काम करते. गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांत 'शॉर्टसर्किटमुळे' एवढाच शब्द असतो. जुन्या गाडीत इग्निशन, चार्जिंग आणि स्टार्टर यांच्या वायरींना तर कंपनीनेच फ्यूज दिलेला नसतो. म्हणून बॅटरीपासून केबिनकडे जाणाऱ्या वायरीत (स्टार्टरच्या जाड केबलमध्ये नव्हे) बॅटरीजवळच ४० अँपिअरचा एक मुख्य फ्यूज आणि निगेटिव्हला हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवावा. दोन्ही मिळून खर्च हजाराच्या आत राहतो, आणि मूळ गाडीला एक भोकही पाडावे लागत नाही.

हेडलाइटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नासधूस तिथे होते. मूळ बल्ब ४५/४० वॉटचे, म्हणजे हाय बीमला ४५ आणि लो बीमला ४०. दोन दिव्यांच्या ९० वॉटला १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर लागतात आणि हा सगळा करंट स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या स्विचमधून जातो. दिवा मंद वाटला की मालक ६०/५५ चा हॅलोजन टाकतो, मग करंट दहा अँपिअर. तरी समाधान होत नाही, मग १००/९०, म्हणजे जवळजवळ सतरा अँपिअर. आणि हा शेवटचा बल्ब रस्त्यावर कायदेशीरही नाही. पन्नास वर्षांच्या स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये समजा एक दशांश ओहमचा अडथळा आहे. ६०/५५ च्या लो बीमचे नऊ अँपिअर गेले तर तिथे ०.९ व्होल्ट अडकतो आणि सुमारे आठ वॉटची उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. सतरा अँपिअर गेले तर जवळजवळ एकोणतीस वॉट. एवढ्यात सोल्डरिंग आयर्न चालते. स्विच वितळतो यात त्याचा काय दोष?

दुसरीकडे दिवा मंद का, तेही याच हिशेबात आहे. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के पडला तर प्रकाश सुमारे तीस टक्के कमी होतो. म्हणून मोठ्या वॉटचा बल्ब हा उपायच नाही, आहे त्या बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचवणे हा उपाय आहे. इंजिन सुरू ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या खुंटांवर आणि बल्बच्या मागच्या टर्मिनलवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर रिले बसवा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

त्यासाठी चार पायांचे ३० अँपिअरचे दोन रिले लागतात, एक लो बीमला आणि एक हाय बीमला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिमीची वायर घ्या आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात तिच्यात २० अँपिअरचा फ्यूज टाका. ही वायर दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ नंबरचा पाय दोन्ही हेडलाइटच्या त्या-त्या बीमला. ८५ बॉडीला. आणि हेडलाइटला आधी जी मूळ वायर येत होती ती ८६ ला. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, एक पंचमांश अँपिअरच्या आसपास. मूळ वायर कापायची गरज नाही. हेडलाइटचा मूळ सॉकेट तसाच ठेवून त्यातून पिन जोडता येते, उद्या काढायचे म्हटले तर दहा मिनिटांत पूर्ववत. प्रत्येक हेडलाइटच्या वाटीला मागच्या दिव्यांसारखाच स्वतंत्र अर्थ द्या. रिले बसवताना त्यांचे पाय खाली राहतील असे ठेवा, पाणी आत साचत नाही.

हॅलोजन बल्ब घेताना बूड तपासा. जुन्या बल्बची थाळी आणि आजच्या एच-फोर प्रकारच्या हॅलोजन बल्बची थाळी वेगळ्या मापाच्या आहेत. जबरदस्तीने बसवलेला बल्ब रिफ्लेक्टरच्या नाभीत येत नाही आणि प्रकाश झाडांवर पडतो. एलईडी बल्बचेही तेच, त्यांतली चिप फिलामेंटच्या जागी नसते. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारातच राहतो. बल्ब बदलला की भिंतीसमोर दिवा जुळवायलाच हवा. सपाट जागेवर, टायरमध्ये नेहमीची हवा, चालकाच्या जागी एक माणूस, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली यावी.

चार्जिंगविषयी दोन समज पक्के बसले आहेत. पहिला, आयडलिंगला लाल दिवा मिणमिणतो म्हणजे डायनामो (जुन्या गाडीत वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) गेला. डायनामोची गाडी आयडलिंगला फारसे चार्ज करतच नाही, रेस किंचित वाढवली की दिवा विझायला हवा, एवढेच. दुसरा, डायनामो कमजोर असतो. त्याची झेप साधारण सोळा ते वीस अँपिअर, आणि मूळ गाडीला ती पुरत होती. पावसाळी रात्रीचा हिशेब करा : ६०/५५ चे हेडलाइट लो बीमवर नऊ, टेल व नंबरप्लेट दोन, इग्निशन चार, वायपर तीन. झाले अठरा. त्यावर स्टिरिओ, मोबाईल चार्जर आणि केबिनचा पंखा लावला तर बॅटरी उतरणारच. तपासायचे ते असे : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन वाढत्या रेसवर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. कमी दिसले तर आधी बेल्ट बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो एक-दीड सेंटिमीटर दबावा. मग टर्मिनले, मग डायनामोतल्या ब्रशची लांबी, मग ते ब्रश ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरवरची काजळी. कट-आउट (डायनामोचे चार्जिंग आवरणारी डबी) सर्वांत शेवटी, आणि त्याचे स्क्रू अंदाजाने फिरवणे तर मुळीच नको. १५ च्या वर दिसले तर मात्र कट-आउट आणि त्याचा अर्थ लगेच बघा, नाहीतर बॅटरीचे पाणी उडेल आणि बल्ब एकामागून एक जातील.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' बघण्याची रस्त्यावरची पद्धत बंद व्हायला हवी. बॅटरी हा चार्जिंगच्या लाटा शोषणारा घटक आहे. ती काढताच व्होल्टेज उसळतो, अल्टरनेटर (डायनामोच्या जागी आलेले नवे यंत्र) असेल तर त्याचे डायोड जातात, आणि जो भाग धड होता तोही तपासणीतच मरतो.

अल्टरनेटर बसवायला आमचा विरोध नाही. रोज चालणाऱ्या गाडीला तो सोयीचाच आहे. पण काढलेला डायनामो आणि कट-आउट खोक्यात जपून ठेवा, आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिमीची नवी वायर टाका. वीस अँपिअरसाठी टाकलेल्या वायरीतून चाळीस अँपिअर नेले तर काय होते ते वर आलेच आहे.

आठवड्यात बॅटरी उतरते अशा गाड्यांत बंद गाडीतही वीज खाणारा चोर शोधावा लागतो. चावी काढा, दारे बंद, निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि खुंट यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या घरात जोडा. या स्थितीत स्टार्टर चुकूनही मारू नका, मीटर जळेल. घड्याळ किंवा स्टिरिओ नसलेल्या पद्मिनीत आकडा जवळजवळ शून्य हवा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या फ्यूजच्या वाटेवर दोष. कोणत्याही फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा. चाळीस अँपिअर-अवरच्या बॅटरीला १०० मिलिअँपिअरची गळती आठ-नऊ दिवसांत निम्म्यावर आणते. दसऱ्याला हार घालण्यापुरत्या सुरू होणाऱ्या गाड्या दसऱ्यालाच का रुसतात ते यात आले. डिकीचा दिवा आणि नंतर बसवलेला सेंट्रल लॉक हे नेहमीचे संशयित.

वायर तपासायला मीटरपेक्षा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून केलेला टेस्ट लॅम्प बरा. मीटर नगण्य करंट ओढतो, त्यामुळे तीस धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असलेल्या वायरीवरही तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणून वायरीचे खरे रूप कळते. नवी वायर घालायची तर मोटारीचीच, बारीक अनेक धाग्यांची, आणि पत्र्यातून जाताना भोकात बसणाऱ्या रबरी कडीतून (ग्रॉमेटमधून). घरातली मोजक्या जाड धाग्यांची वायर हादऱ्यांनी लगाच्या तोंडाशी तुटते. पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो, म्हणून लग दाबून पक्का बसवा (क्रिम्प करा) आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. एका बाजूलाच भराभर लुकलुकत असेल किंवा अडकून पेटलेला राहत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे किंवा अर्थ सुटला आहे. दोन्ही बाजूंना होत असेल तर फ्लॅशर. एलईडी बल्ब टाकले तर जुना तापणारा फ्लॅशर चालत नाही, इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो. हॉर्नचे बटण अर्थ देण्याचे काम करते. आवाज घोगरा झाला तर आधी स्टिअरिंगच्या आतला सरकता कॉन्टॅक्ट साफ करा, मग हॉर्नचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. पेट्रोलचा काटा हलत नसेल तर टाकीवरच्या सेंडरची (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची) वायर काढून दोन सेकंद बॉडीला टेकवा. काटा एका टोकाला गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. अर्थ आधी बघा, टाकीलाही रंग मारलेला असतो. वायर टेकवताना ठिणगी पडू शकते, म्हणून टाकीचे झाकण बंद आणि सेंडर जागेवर घट्ट असल्याखेरीज हे करू नका. वायपर रखडतो तेव्हा मोटर फारच क्वचित दोषी असते. ज्या दोन दांड्यांवर वायपरचे हात बसतात त्यांतले ग्रीस वाळून गोंद झालेले असते. हात काढा, दांड्यांत पातळ तेल मुरू द्या, जुने ग्रीस पुसून नवे भरा.

फिटिंगकडे वळतो. दार खाली लोंबते, आपटल्याशिवाय लागत नाही, ही पद्मिनीची ओळखच झाली आहे. दार अर्धे उघडून कडेला धरून वर उचला. कब्ज्यात खडखड जाणवली तर पिन झिजली आहे, जाड पिन किंवा बुश बसवून काम होते. खडखड नसेल तर दाराच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचे लॉक ज्यात अडकते तो भाग, बघा. स्क्रू ढिले करण्याआधी त्याच्या भोवती पेन्सिलने रेघ मारा, एका वेळी एक मिमीच सरकवा. स्क्रू गंजले असतील तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने त्यांची तोंडे जातात. बहुतेक वेळा मात्र दार आणि स्ट्रायकर दोघेही निर्दोष असतात आणि गुन्हेगार असतो नव्याने लावलेला जाड रबर. तो दबत नाही म्हणून दार लागत नाही, म्हणून कुणीतरी स्ट्रायकर बाहेर ओढतो, म्हणून दार कायमचे बाहेर डोकावते. रबर घेताना जुन्या रबराचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून सोबत न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे तुकडा दाखवून जुळवून घेता येतो. चिकटवताना रबर ओढू नका. ओढलेला रबर महिन्याभरात आकसतो आणि कोपरे उघडे पडतात, म्हणून उलट एक सेंटिमीटर जास्तच ठेवा. मग दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखी अडखळत निघाली पाहिजे.

पायाखाली पाणी येते तेव्हा लोक काचेच्या रबराभोवती सिलिकॉन फासतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि रबराखालचा पत्रा तिथूनच सडू लागतो. न वाळणारे ब्युटाइल सीलंट रबराच्या ओठाखाली भरावे. पण आधी पाणी कुठून येते ते शोधा : एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून नळीचे पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्या. वरून एकदम पाणी सोडले तर सगळीकडूनच आल्यासारखे दिसते. हे पाणी फ्यूजबॉक्सकडेही उतरू शकते, तेव्हा वर लिहिलेल्या निम्म्या विजेच्या तक्रारींची सुरुवात तिथेही असू शकते.

काचेतून दारात शिरणारे पाणी अडवता येत नाही, ते शिरणारच. म्हणून दाराच्या तळाला भोके असतात. मातीने आणि अंडरकोटिंगने ती बुजतात, पाणी साचते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारे दार आतून कुजते. मेच्या अखेरीस तारेने ती मोकळी करा. आतल्या पुठ्ठ्याच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद असतो, तो फाटला असेल तर नवा कापून लावा, नाहीतर पॅड फुगतो. खिडकी जड फिरत असेल तर फेल्टच्या खाचेत सिलिकॉन स्प्रे मारा. तेल-ग्रीसवर धूळ बसते आणि काचेवर ओरखडे उठतात. स्टिअरिंगवरचा गिअर ढिला, कुठे पडतो ते कळत नाही, अशा गाडीचा गिअरबॉक्स उघडण्याआधी लिंकेजचे (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडदांड्यांचे) बुश हलवून बघा. झिजलेले बुश शंभर-दोनशे रुपयांत बदलतात.

पान्यांबाबत एक सूचना. पद्मिनीचे बोल्ट मेट्रिक आहेत, बहुतेक ठिकाणी १० आणि १३ चा पाना लागतो. अ‍ॅम्बॅसेडर ब्रिटिश वंशाची, तिचे बरेच बोल्ट इंची. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिमी, १३ चा पाना त्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि डोके गोल करतो. जुन्या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही असू शकतो, तेव्हा बॅटरी जोडण्याआधी बॉडीला कोणता खुंट जातो ते पाहावे.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण असे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही आणि तिच्यावर पोट असलेले वायरमन, डेंटर, अपहोल्स्टरीवाले दुसऱ्या कामांना लागले. उरलेल्या गाड्या खासगी मालकांच्या आहेत आणि त्यांच्याकडे येणारा तरुण मेकॅनिक बिघाड वाचणारा संगणकी स्कॅनर लावायला जागा शोधतो. आयटीआयच्या ऑटो इलेक्ट्रिकल वर्गांत डायनामो-कट-आउटची एक चालू मांडणी आणि व्होल्टेज ड्रॉपचे एक प्रात्यक्षिक ठेवणे अवघड नाही. ते तत्त्व आजच्या गाड्यांच्या अर्थलाही तितकेच लागू पडते. कौशल्य विकास खात्याने आणि संस्थांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट नोंदणीची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेचा क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे, पुन्हा नोंदणीचे पाच हजार. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता या वयाला पोहोचल्या आहेत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. रिले, मुख्य फ्यूज, जादा अर्थ हे त्यात मोडत नाहीत. मात्र अशी गाडी रोज कचेरीला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना रविवारी सकाळी पद्मिनी घेऊन सहज फिरायला जायचे आहे त्यांनी एजंटच्या सांगण्यावरून घाईने 'व्हीए' क्रमांक घेऊ नये, नेहमीची पाच वर्षांची फेरनोंदणी करून घ्यावी. आणि त्या तपासणीला जाण्याआधी ब्रेकचे दिवे, दोन्ही इंडिकेटर आणि हॉर्न घरीच बघून जावे.

आपले नम्र,
जुन्या गाड्यांचे वायरिंग व फिटिंग करणारे काही वाचक,
पुणे